शिकागो नदीत पहिल्यांदाच कयाक चालवणार आहात? नेहमी विचारले जाणारे प्रश्न

मी मूळची सांगलीची. कृष्णेच्या घाटावर लहानाची मोठी झाले, पण तिच्या पाण्यात वल्हं कधी मारलं नाही. पावसाळ्यात आयर्विन पुलाखाली पाणी किती फुटांवर आलं हे रोज विचारायचं आणि एरवी घाटावर पाय सोडून बसायचं, एवढाच नदीशी संबंध. कयाक, म्हणजे बसून वल्ह्याने चालवायची छोटी होडी, पहिल्यांदा चालवली ती शिकागोत, चाळिशी ओलांडल्यावर, गाईडबरोबरच्या नवशिक्यांच्या फेरीत. तेव्हापासून दर उन्हाळ्यात ओळखीतली आणि ओळखीच्यांच्या ओळखीतली मराठी मंडळी बरोबर येतात. नेपरव्हिल, शॉमबर्गसारख्या उपनगरांत वर्षानुवर्षं राहूनही नदी फक्त पुलावरून पाहिलेली माणसं यात बरीच असतात. ती जे विचारतात, ते इथे उतरवलं आहे.

मला पोहता येत नाही. येऊ का?

या. नवशिक्यांच्या फेरीला पोहता आलंच पाहिजे अशी अट सहसा नसते. लाइफ जॅकेट मात्र प्रत्येकाला घालावं लागतं, पट्टीच्या पोहणाऱ्यालाही. ते नीट बसलंय का हे स्वतः तपासा: सगळे बंद लावले की कुणाला तरी खांद्याजवळ धरून वर ओढायला सांगा. जॅकेट कानापर्यंत आलं, तर ते सैल आहे. गाईडला सांगून पट्टे आवळून घ्या, संकोच करू नका.

पोहता येत नाही हे गाईडपासून लपवू नका, एवढी माझी विनंती आहे. आपल्याकडची माणसं चारचौघांत हे सांगायला लाजतात. गाईडला ते माहीत असलं की तो तुम्हाला आपल्या जवळ ठेवतो आणि मोठी बोट आली की आधी तुमच्याकडे बघतो.

कयाक उलटली तर?

नवशिक्यांना देतात त्या कयाक रुंद बुडाच्या असतात आणि सहजासहजी उलटत नाहीत. उलटतात त्या बहुतेक वेळा धक्क्यावर, चढता-उतरताना, कारण माणूस त्यात उभा राहतो. म्हणून धक्क्याच्या कडेवर बसायचं, आधी पाय आत टाकायचे आणि मग बूड सरकवायचं. वजन जितकं खाली, तितकी कयाक स्थिर.

पाण्यात पडलातच तर जॅकेट तुम्हाला तरंगत ठेवतं. पाय कयाकमध्ये अडकलेले नसतात, तुम्ही आपोआप बाहेर येता. कयाक धरून ठेवा, वल्हं सोडू नका आणि गाईडची वाट बघा. तो आपली कयाक तुमच्या कयाकला लावून ती धरून ठेवतो. तुम्ही पाय मारत पोटावर आडवे होऊन तिच्यावर चढता, मग हळूच वळून बसता. दिसायला अवघड, पण जमतं. माझ्याबरोबर आलेल्या एका काकांना जमलं आणि ते चांगले वजनदार होते.

आई-बाबा सहा महिन्यांसाठी आलेत. त्यांना आणावं का?

हा प्रश्न सर्वांत जास्त वेळा येतो, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

वय आड येत नाही. बघायच्या त्या तीन गोष्टी: जमिनीलगतच्या जागेवर बसता येतं का आणि आधार घेऊन तिथून उठता येतं का, दीड-दोन तास पाय लांब करून बसलं तर कंबर धरते का, आणि खांदा दुखरा आहे का. गुडघ्यांपेक्षा खांदा महत्त्वाचा. गुडघेदुखीचा त्रास धक्क्यावर दोन मिनिटं होतो, खांद्याचा पूर्ण फेरीभर. अलीकडे शस्त्रक्रिया झाली असेल, चक्कर येत असेल किंवा हृदयविकाराची औषधं चालू असतील, तर आधी डॉक्टरांना विचारा. आणि त्यांच्या मनात नसेल तर आग्रह करू नका. ‘चला हो, काही होत नाही’ म्हणून पाण्यात ओढलेला माणूस दोन तास वल्ह्याला घट्ट धरून बसतो आणि त्याला नदी दिसतच नाही.

माझी आई ६७ वर्षांची असताना आली. दोघांच्या कयाकमध्ये ती पुढे, मी मागे. पहिली दहा मिनिटं तिने वल्हं मांडीवर आडवं ठेवलं आणि दोन्ही हातांनी कयाकच्या कडा धरल्या. मी काही बोलले नाही. एका पुलाखालून बाहेर आलो तेव्हा तिने आपणहून वल्हं उचललं, एकदा उजवीकडे मारलं, एकदा डावीकडे, आणि मागे न बघताच म्हणाली, “अगं, हे तर ताक घुसळल्यासारखं आहे.” परतीच्या वाटेवर मीच तिला जरा हळू घे म्हणत होते.

मुलांना किती वयापासून आणता येतं?

किमान वय प्रत्येक ठिकाणी वेगळं असतं, नोंदणीच्या वेळी विचारून घ्या. लहान मूल दोघांच्या कयाकमध्ये मोठ्या माणसाबरोबरच बसतं. इलिनॉयमध्ये लहान बोटीत १३ वर्षांखालच्या मुलांना लाइफ जॅकेट कायद्यानेच सक्तीचं आहे. मोठ्यांचं जॅकेट आवळून मुलाला घालू नका, त्याच्या मापाचंच मागा.

एकट्याची कयाक बरी की दोघांची?

भीती वाटत असेल तर दोघांची. ती जड असते आणि लाटेवर कमी हलते. मागे बसणारा दिशा सांभाळतो, पुढचा ताल धरतो. दोघांनी एकाच बाजूला, एकाच वेळी वल्हं मारायचं, नाहीतर वल्ह्यांवर वल्ही आपटतात. अनुभवी माणूस मागे. नवरा-बायकोंनी हे धक्क्यावरच ठरवून घ्यावं.

वल्हं कसं मारायचं? हात भरून येतात का?

हातांनी मारलं तर भरून येतात. वल्हं खांद्यांपेक्षा थोडं रुंद धरायचं आणि मूठ सैल ठेवायची. पातं पायांजवळ पाण्यात घालायचं, कमरेजवळ आलं की बाहेर काढायचं. त्यापुढे मागे ओढत राहिलात तर कयाक पुढे जाण्याऐवजी वळते. जोर कमरेच्या वरच्या पिळातून आला पाहिजे, जात्यावर दळताना अख्खं अंग वळतं तसा. पात्याची खोलगट बाजू आपल्याकडे. पहिल्या वीस मिनिटांत हे सगळे विसरतात आणि कयाक नागमोडी जाते. जाऊ द्या. पाऊण तासात अंगाला कळतं.

नदीला ओढ फारशी नाही, पाणी अगदी संथ असतं. दमवतो तो वारा. उंच इमारतींच्या मधून तो बोगद्यातून आल्यासारखा येतो, आणि समोरून आला तर वल्हं थांबलं की आपण मागे जातो. अशा वेळी जोर वाढवू नका. वल्हं लहान-लहान मारा, पण मारत राहा.

मोठमोठ्या बोटी असतात म्हणे. अंगावर येत नाहीत का?

भिण्यापेक्षा समजून घेण्याची ही गोष्ट आहे. शहराच्या मध्यातली शिकागो नदी हा चालता जलमार्ग आहे. इमारती दाखवणाऱ्या पर्यटक बोटी, वॉटर टॅक्सी, खाजगी यॉट, भाड्याच्या विजेवरच्या छोट्या बोटी आणि मधूनच रेती-खडी वाहणारा बार्ज, सगळ्यांचा रस्ता एकच.

रस्ता आपला उजव्या काठाचा. अमेरिकेत गाडी चालवता तसंच, उजवीकडे आणि भिंतीला धरून. पलीकडे जायचं असेल तर गाईड सगळ्यांना एकत्र करतो, दोन्हीकडे बघतो आणि सगळे एका दमात सरळ काटकोनात पार होतात. रेंगाळत, तिरकं जायचं नाही. पुलाखाली थांबायचं नाही, तिथे बोटींना जागा कमी असते. बार्जला ब्रेक नसतो आणि त्याच्या नाकासमोरचं पाणी चालवणाऱ्याला दिसत नाही, तेव्हा वाट नेहमी आपणच सोडायची. एक लांब भोंगा म्हणजे बहुधा एखादी बोट धक्का सोडतेय. पाच छोटे भोंगे म्हणजे धोका. ते ऐकलं की गप्पा बंद, नजर गाईडकडे.

लाटांचं सांगायचं तर, इथे काठ म्हणजे सरळ उभ्या भिंती. कृष्णेच्या घाटावर लाट पायऱ्यांवर चढून विरते, इथे भिंतीवर आपटून परत फिरते. त्यामुळे बोट निघून गेल्यावरही पाणी बराच वेळ डुचमळत राहतं. कयाकचं नाक शक्यतो लाटेकडे करा, कंबर सैल सोडा आणि वल्हं पाण्यात ठेवा. अंग ताठ केलं की कयाक डोलते तसे तुम्हीही डोलता, आणि तिथेच तोल जातो.

कधी यावं?

जून ते सप्टेंबर. त्यातही कामाच्या दिवशी, सकाळी लवकरच्या फेरीला. दहानंतर बोटींची वर्दळ वाढत जाते आणि शनिवारी दुपारी नदीचा लक्ष्मी रोड होतो. मे महिन्यात ऊन छान वाटतं, पण पाणी चांगलंच गार असतं आणि पडलात तर ते लागतं. नेव्ही पिअर या सरोवरातल्या धक्क्यावरची आतषबाजी बघायला रात्री निघणाऱ्या फेऱ्या सुंदर असतात, तरी पहिली फेरी ती नको. वीज कडाडू लागली तर फेरी थांबवतात. तेव्हा गाईडशी वाद घालू नका.

काय घालायचं, काय आणायचं?

भिजले तरी चालतील असे, लवकर वाळणारे कपडे. जीन्स नको. ओढणी, साडी नको. मागे पट्टा असलेल्या चपला हव्यात, नुसत्या रबरी स्लिपर धक्क्यावरच निसटतात. चष्म्याला दोरी. बूड ओलं होणारच, म्हणून परतीसाठी सुके कपडे गाडीत. टोपी, सनस्क्रीन, पाण्याची बाटली. मोबाइल पाण्यात टिकणाऱ्या पिशवीत घालून गळ्यात. नदी सुमारे २० फूट खोल आहे, पडलेला फोन परत मिळत नाही. आणि निघण्याआधी बाथरूमला जाऊन या, वाटेत सोय नसते.

पाणी स्वच्छ आहे का?

पूर्वीपेक्षा कितीतरी. पण पिण्याजोगं नाही.

नदीच्या उत्तर शाखेतल्या पाण्याचा मोठा भाग म्हणजे शुद्ध करून सोडलेलं शहराचं सांडपाणी. २०१६ पासून ते सोडण्याआधी त्यातले जंतूही मारले जातात, आणि नदीत फरक पडला तो त्याने. खरी अडचण पावसाची. जुन्या शिकागोत सांडपाणी आणि पावसाचं पाणी एकाच गटारातून वाहतं, त्यामुळे धो-धो पावसात ते नदीत उतू जातं. ते झेलायला १९७५ पासून जमिनीखाली १५० ते ३०० फुटांवर १०९ मैल लांबीचे बोगदे खणले. त्यामुळे नदीत येणारी घाण खूप घटली, पूर्ण थांबली नाही. म्हणून मुसळधार पावसानंतर एक-दोन दिवस मी कुणालाच नेत नाही. हातावर उघडी जखम असेल तर ती पाणी शिरणार नाही अशी झाकून घ्या आणि खाण्याआधी साबणाने हात धुवा.

आईने मधेच ओंजळीत पाणी घेतलं आणि डोळ्यांना लावायला हात वर नेला. नदी दिसली की पाणी डोळ्यांना लावायचं, ही तिची आयुष्यभराची सवय. मला तिचा हात धरावा लागला. तिने पाणी सोडून दिलं आणि नुसता नमस्कार केला. त्या क्षणाचं वाईट मला अजून वाटतं. ही नदी पुन्हा तितकी स्वच्छ व्हावी असं मनापासून वाटतं. आणि ती वाट चालू लागली आहे: २०२५ च्या सप्टेंबरात शहराच्या ऐन मध्यात, याच पाण्यात पोहण्याचा जाहीर कार्यक्रम झाला, १९२७ नंतर पहिल्यांदाच.

नदी उलटी वाहते, हे खरं का?

खरं आहे, आणि माणसांनी मुद्दाम ती फिरवली आहे.

ही नदी मूळची मिशिगन सरोवराला मिळायची. शहराचं सांडपाणी, कत्तलखान्यांची घाण सगळं नदीत आणि नदीतून सरोवरात. पिण्याचं पाणीही त्याच सरोवरातून. टायफॉइड, कॉलरा यांनी माणसं मरत होती. मग १८९२ पासून आठ वर्षं खपून २८ मैलांचा कालवा खणला. तो नदीपेक्षा खोल नेला, म्हणजे उतार सरोवराकडून आत होईल. २ जानेवारी १९०० ला पाणी सोडलं आणि नदी फिरली. तेव्हापासून सरोवराचं पाणी नदीत येतं आणि कालव्यातून डेस प्लेन्स, इलिनॉय आणि मिसिसिपी या नद्या करत मेक्सिकोच्या आखाताला जातं. खालच्या अंगाच्या सेंट लुईसकरांना ही घाण आपल्या दारात आलेली अर्थातच मानवली नाही. मिझुरी राज्य सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि १९०६ साली हरलं. कृष्णेच्या पाण्यावरून तीन राज्यांचं भांडण ऐकत मोठे झालेल्यांना यात नवल वाटणार नाही.

एक गोष्ट मात्र खोडून ठेवते. १८८५ च्या पावसानंतर साथीत नव्वद हजार माणसं मेली म्हणून नदी फिरवली, असं अजून सांगितलं जातं. तशी साथ त्या वर्षी आलीच नव्हती. साथी खऱ्या होत्या, भीती खरी होती, हा आकडा खोटा आहे.

वाटेत काय काय दिसतं?

मला उत्तर शाखेवरून सुरू होणारी फेरी आवडते. तिथे गूज बेटाच्या बाजूच्या कालव्यात ‘वाइल्ड माइल’ आहे, म्हणजे तरंगत्या वाफ्यांवर लावलेली पाणवनस्पतींची बाग. लोखंडी भिंतींच्या त्या कालव्यात मासे, कासवं, बदकं राहायला आली, कारण त्यांना मुळांचा आसरा मिळाला. रातबगळे दिसतात, नशीब असेल तर बीव्हरही. १९७० च्या दशकात या नदीत माशांच्या दहाएकच जाती उरल्या होत्या, आता सत्तरच्या वर मोजतात.

तिथून दक्षिणेला वुल्फ पॉइंट येतो, तीन शाखांचा संगम. इंग्रजी वाय अक्षरासारखा हा आकार शहराने आपलं चिन्ह म्हणून घेतला आहे. पुलांवर, इमारतींवर शोधा, दिसेल. समोर ‘३३३ वॅकर’ ही १९८३ ची हिरव्या काचेची इमारत, नदीच्या वळणाबरोबर वळलेली. पुलावरून ती नुसती काच वाटते. कयाकमधून बघितलं तर तिच्यात नदी, आकाश आणि त्यातला आपला ठिपका दिसतो.

मुख्य प्रवाहात पूर्वेकडे वळलं की उजव्या हाताला, लासाल आणि क्लार्क रस्त्यांच्या मधल्या काठाशी, गाईड आवाज खाली आणतो. २४ जुलै १९१५ च्या सकाळी ‘ईस्टलँड’ नावाची बोट इथे धक्क्याला बांधलेली असतानाच एका कुशीवर कलली. कारखान्यातले कामगार बायकामुलांना घेऊन सहलीला निघाले होते. ८४४ माणसं गेली, काठापासून काही फुटांवर. आपण लाइफ जॅकेट घालून तिथून जातो, तेव्हा त्याचा जाच वाटेनासा होतो.

परतताना दुसऱ्या काठाने येतो, म्हणजे मरिना सिटीचे दोन मनोरे अगदी डोक्यावर येतात. १९६० च्या दशकातले, मक्याच्या कणसांसारखे. खालचे मजले उघडे, गाड्या ठेवायला, आणि पाण्यावरून वर पाहिलं की कडेला गाड्यांची नाकं रांगेने दिसतात. मग मर्चंडाइज मार्ट, १९३० ची. बांधली तेव्हा एवढं क्षेत्रफळ जगातल्या दुसऱ्या कोणत्याही इमारतीचं नव्हतं. तिच्या भिंतीकडेने वल्हवत निघालात की ती संपतच नाही. ट्रिब्यून टॉवरच्या भिंतीत ताजमहालाचा एक तुकडा बसवलेला आहे, पण तो बघायला फेरीनंतर चालत जावं लागतं.

खरं सांगू का, माझ्या लक्षात इमारतींपेक्षा पुलांची खालची बाजू राहते. या पुलांचे दोन अर्ध वर उचलले जातात, आणि ते उचलायला लागणारी दातेरी चाकं, प्रचंड वजनं, रिव्हेट हे सगळं वरून जाणाऱ्याला कधी दिसत नाही. बऱ्याच पुलांची जमीन लोखंडी जाळीची आहे. गाडी गेली की भुंग्याच्या थव्यासारखा आवाज येतो आणि जाळीतून उन्हाचे चौकोन अंगावर सरकत जातात. वसंतात आणि शरदात शिडाच्या बोटींसाठी पूल एकामागून एक उघडतात. मिशिगन अॅव्हेन्यूचा पूल १९२० चा. त्याला २०१० मध्ये ड्यू साबल यांचं नाव दिलं, इथे घर करून कायमचे राहिलेले पहिले परके. त्यांच्या आधीच्या मूळ लोकांच्या भाषेत इथल्या काठावर उगवणाऱ्या रानकांद्याला जे नाव होतं, त्यावरून ‘शिकागो’ आलं.

नदी हिरवी करतात तेव्हा जाता येतं का?

ते मार्चमध्ये, सेंट पॅट्रिक दिनाच्या वेळी. १९६२ पासून प्लंबर कामगारांची संघटना रंग टाकते. गळती शोधायच्या रंगावरून त्यांना ही कल्पना सुचली. नवशिक्यांचा हंगाम तेव्हा सुरू झालेला नसतो, काठावरूनच बघा. एरवीचा हिरवट रंग नदीचा स्वतःचा.

गणपतीचं निर्माल्य नदीत सोडता येईल का?

नाही. फुलं, नारळ, दिवे, छोटी मातीची मूर्तीसुद्धा नाही. इथे नदीत काही टाकायला मनाई आहे, आणि मनाई नसती तरी मी नाहीच म्हटलं असतं. घरी बादलीत विसर्जन करून ती माती बागेत घाला.

गाडी कुठे लावायची?

उपनगरातून मेट्रा रेल्वेने या. युनियन स्टेशनमधून बाहेर पडलात की दक्षिण शाखा समोरच असते. उत्तर शाखेवरून निघणार असाल तर गाडी सोयीची पडते. फेरीच्या अर्धा तास आधी पोहोचा, कारण सूचना आणि जॅकेट यांत वेळ जातो आणि उशिरा आलेल्यासाठी फेरी थांबत नाही.

मधेच नको वाटलं तर?

लगेच सांगा, सगळं असह्य होईपर्यंत थांबू नका. गाईड तुमची कयाक दोरीने आपल्या कयाकला बांधून ओढत आणू शकतो, तशी दोरी त्यांच्याकडे असते. यात कमीपणा काही नाही.

एकदा जमलं. पुढच्या वेळी भाड्याने कयाक घेऊन आमचे आम्ही जाऊ का?

शहराच्या मध्यात लगेच नको. एका फेरीत वल्हं कळतं, वर्दळ कळायला तीन-चार फेऱ्या लागतात. तोवर उत्तर शाखेच्या वरच्या अंगाला जा, जिथे दोन्हीकडे झाडं आहेत आणि मोठ्या बोटी क्वचित येतात. शिट्टी जॅकेटला बांधलेली ठेवा, वाऱ्याचा अंदाज बघा, आणि निघताना आधी वाऱ्याच्या विरुद्ध जा म्हणजे दमून परतताना तो पाठीशी असेल.